सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी माणूस लिफ्टमध्ये पाय ठेवेना

हे माझ्या धाकट्या भावाचं प्रकरण आहे, पॅनिक अटॅकचं, म्हणजे समोर धोका नसताना एकदम उसळणाऱ्या प्रचंड भीतीचं. त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आजाराचं मात्र जसंच्या तसं ठेवलंय. मी डॉक्टर नाही. पण दीड वर्ष त्याच्यासोबत दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसलेय, आणि त्यातले पहिले चार महिने आम्ही सगळेच भलतीकडे शोधत होतो, म्हणून सविस्तर लिहावंसं वाटलं.

वय ३१, तब्येत ठणठणीत, आठवड्यातून तीनदा पळायला जाणारा मुलगा. पहिला अटॅक आला तेव्हा तो घरी सोफ्यावर बसून मॅच बघत होता. भांडण नाही, डेडलाइन नाही, कुठली वाईट बातमी नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर भेटेल तो विचारायचा की कसलं टेन्शन होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी कसलंच नव्हतं. एकदम छातीत धडधड सुरू झाली, श्वास पुरेना, हातापायाला मुंग्या, घाम, आणि समोरची खोली काचेपलीकडे असल्यासारखी दिसायला लागली. त्याने मला फोन केला, "ताई, मला काहीतरी होतंय, मी वाचत नाही बहुतेक." मी पोचले तेव्हा तो जमिनीवर बसला होता आणि त्याच्या हाताची बोटं आखडून आत वळली होती, मी सोडवायला गेले तर सुटेनात. ती बोटं बघून माझीच शुद्ध हरपायची बाकी होती.

इमर्जन्सीत ईसीजी काढला, हार्टला इजा झालीय का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी केली, काही तासांनी परत केली, दोन्ही वेळा नॉर्मल. बीपी थोडं वाढलेलं, तेही उतरलं. "हार्टचं काही नाही, स्ट्रेस असेल, झोप काढा" म्हणून घरी पाठवलं.

त्या रात्री हॉस्पिटलला गेलो ते बरोबरच केलं. पहिल्यांदा छातीत दुखतंय, दम लागतोय, तर घरी बसून "पॅनिक असेल" असं कोणीही ठरवू नये. दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, जिने चढताना वाढत असेल, माणूस खरंच बेशुद्ध पडला असेल, तर आधी हार्टच बघायचं. चूक आमच्याकडून झाली ती त्यानंतर.

अकरा दिवसांनी दुसरा अटॅक, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. तिसरा तर झोपेत, रात्री दोन वाजता दचकून उठला तो थेट धडधडतच, स्वप्न वगैरे काही नव्हतं. हे ऐकून आमची खात्रीच पटली की शरीरात काहीतरी आहे, नाहीतर झोपलेल्या माणसाला कसली आलीय भीती? पॅनिक अटॅक झोपेतही येतो आणि त्याला स्वप्न पडावंच लागतं असं नाही, हे आम्हाला खूप नंतर कळलं. पुढच्या चार महिन्यांत तीन वेळा इमर्जन्सी, पाच ईसीजी, टू-डी एको म्हणजे हार्टची सोनोग्राफी, २४ तास ठोके नोंदवणारा होल्टर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर. फाइल जाड होत गेली आणि प्रत्येक पानावर नॉर्मल.

या तपासण्या फुकट गेल्या असं मी म्हणणार नाही. थायरॉइड वाढलेलं असेल तरी अशीच धडधड होते, रक्त कमी असेल तरी होते, दम्याच्या पंपानेही होते. एसव्हीटी नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा एक प्रकार आहे, त्यात ठोके बटण दाबल्यासारखे अचानक वाढतात आणि तसेच अचानक थांबतात, तो कित्येकदा पॅनिक समजून सोडून दिला जातो. एकदा नीट बघून घेणं गरजेचंच होतं. पण पहिल्या फेरीत सगळं स्वच्छ आल्यावर दुसरी आणि तिसरी फेरी आम्ही केली ती आजार शोधायला नाही, दोन दिवस बरं वाटावं म्हणून केली. आणि बरं दोनच दिवस वाटायचं. तिसऱ्या दिवशी तो म्हणायचा, "पण अटॅक चालू असताना ईसीजी कुठे काढला होता?"

या सगळ्या काळात त्याचं जग किती लहान होत गेलं ते कोणी मोजलंच नाही. लिफ्ट बंद, नऊ मजले जिन्याने. पळणं बंद, कारण पळताना ठोके वाढतात आणि वाढलेले ठोके म्हणजे सुरुवात. मीटिंगमध्ये खुर्ची दाराजवळची. थिएटर नाही, ट्रॅफिक तुंबेल असा रस्ता नाही, एकट्याने गाडी नाही. खिशात पाण्याची छोटी बाटली आणि मित्राने दिलेली अल्प्राझोलाम या भीती शमवणाऱ्या औषधाची एक गोळी, पाकिटात घडी करून. रात्री झोप लागावी म्हणून दोन पेग, आणि दारू उतरताना पहाटे धडधड अजून वाढायची, ते आमच्या लक्षातच येत नव्हतं. मनगटावर स्मार्टवॉच, दर दोन मिनिटांनी नजर तिकडे, जेवताना, बोलताना, आई काही सांगत असताना सुद्धा.

आणि मी? मी दिवसातून सहा वेळा फोन करून विचारायचे, "नाडी किती आहे रे आता?"

ओळखलं कोणी, तर आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी. त्यांनी फाइल चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "अटॅकचं सांगितलंस. मधले दिवस कसे जातात तुझे?" हा प्रश्न चार महिन्यांत कोणीच विचारला नव्हता. तो आधी म्हणाला ठीक असतो, मग हळूहळू लिफ्टचं सांगितलं, पळण्याचं, दाराजवळच्या खुर्चीचं, आणि सांगता सांगता रडायला लागला. मी शेजारी बसून ऐकत होते आणि यातलं अर्धं मला पहिल्यांदाच कळत होतं. डॉक्टर म्हणाले, पुढचा अटॅक कधी येईल या धास्तीत महिना महिना जातोय आणि त्या धास्तीपायी तू जगणं आवरतं घेतोयस, तेव्हा याला नुसता पॅनिक अटॅक म्हणत नाहीत, पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, आणि याला चांगला उपचार आहे.

हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वेगवेगळ्या देशांत मिळून झालेल्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या सर्वेक्षणात साधारण १३ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पॅनिक अटॅक येऊन गेलेला सापडला, डिसऑर्डर मात्र दोन टक्क्यांहून कमी लोकांना. म्हणजे अटॅक येऊन जातो आणि बहुतेक लोक ते मागे टाकून पुढे जातात. माझा भाऊ जात नव्हता. त्याचे अटॅक महिन्यात जेमतेम चार-पाच, प्रत्येक फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा, त्यातली खरी कळ पहिल्या दहा मिनिटांत. बेरीज केली तर महिन्याचे जेमतेम दोन तास होतात. बाकीचा अख्खा महिना तो वाट बघण्यात घालवत होता, आणि आम्ही मात्र त्या दोन तासांचेच रिपोर्ट काढत फिरत होतो.

सायकिएट्रिस्टकडे जायचं म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालंच. बाबा म्हणाले, जरा मन खंबीर कर, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. त्याने स्वतः पहिली अपॉइंटमेंट आदल्या रात्री कॅन्सल केली, "मी काय वेडा झालोय का, मला खरंच छातीत दुखतं ताई." खरंच दुखायचं, त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि बहुधा तिथेच सगळे अडतात, "मनाचं आहे" म्हटलं की समोरच्याला ऐकू येतं की मी नाटक करतोय. मी त्याला एवढंच म्हटलं की फाइलमध्ये हार्टवाले झाले, थायरॉइडवाले झाले, आता हे एक डॉक्टर राहिलेत, तेही बघून घेऊ. त्यावर तयार झाला.

मॅडमनी पाऊण तास घेतला. एकेक लक्षण विचारत गेल्या: धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणं, घसा आवळल्यासारखं होणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, अंगात थंडी किंवा गरम लाट, मुंग्या, सगळं खोटं खोटं वाटणं, ताबा सुटेल किंवा वेड लागेल अशी भीती, मरणाची भीती. तेरा लक्षणांची यादी आहे, एका वेळी चार असली तरी पॅनिक अटॅक धरतात, याची नऊ निघाली. मग दारूचं विचारलं, कॉफी किती ते विचारलं, पाकिटातल्या गोळीचं विचारलं, आणि जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारलं. मी दचकले, तो नाही दचकला, म्हणाला, जीव द्यायचा नाहीये हो, जीव जाईल याचीच तर भीती आहे. शेवटी त्रास किती तीव्र आहे ते मोजणारा सात प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, एकूण २८ पैकी. त्याचे १८ आले. तो कागद त्याने अजून जपून ठेवलाय.

सर्ट्रालिन ही डिप्रेशन आणि पॅनिकवरची रोजची गोळी सुरू केली, आधी २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०. मॅडमनी बजावून सांगितलं होतं की सुरुवातीला अस्वस्थपणा उलट थोडा वाढू शकतो, म्हणूनच कमी डोसने सुरू करतोय, आणि फरक दिसायला चार-सहा आठवडे लागतील, मधेच बंद करू नका. हे आधी माहीत नसतं तर चौथ्या दिवशी गोळी कचऱ्यात गेली असती, इतकी त्याची चुळबुळ वाढली होती. अल्प्राझोलामबद्दल त्या म्हणाल्या, अर्ध्या तासात बरं वाटतं हे खरं, पण सवय लागते, आणि गोळीने वाचलो असंच मेंदू शिकतो. जे लोक ती रोज घेतायत त्यांनी तर मनानेच एकदम सोडायची नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. याची रोजची नव्हती, कधीमधीची होती, तरी पाकिटातून बाहेर काढायला त्याला दोन महिने लागले.

मी त्या काळात रात्री रात्री वाचत बसायचे, त्यात एक गोष्ट सापडली ती डोक्यातून जातच नाही. पॅनिक डिसऑर्डर हे वेगळं निदान म्हणून अमेरिकेतल्या डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात आलं १९८० ला. त्याच्या वीसेक वर्षं आधी डोनाल्ड क्लाइन नावाचे डॉक्टर इमिप्रामिन हे औषध अशा पेशंटना देऊन बघत होते, आणि पेशंट म्हणायचे काही फरक नाही. फरक नर्सना दिसला, की आधी हे दिवसातून कितीदा तरी मरतोय मरतोय करत धावत यायचे, ते यायचे थांबलेत. अटॅक थांबले होते, पण पुढच्याची धास्ती आणि टाळाटाळ तशीच होती, म्हणून पेशंटला स्वतःला बरं वाटत नव्हतं. आमच्या घरी हुबेहूब हेच झालं. सातव्या आठवड्यापर्यंत अटॅक जवळपास थांबले आणि तो म्हणतोय, काही उपयोग नाही गोळीचा. लिफ्टमध्ये अजून पाय ठेवत नव्हता ना.

तिथून पुढचं काम थेरपीने केलं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी, बारा सेशन, आठवड्याला एक, मधे काही चुकले ते धरून चारेक महिने. पहिल्याच सेशनला थेरपिस्ट सरांनी कागदावर गोल काढला: शरीरात काहीतरी जाणवतं, डोक्यात येतं की मेलो, त्याने भीती, भीतीने अॅड्रेनलिन, त्याने ठोके अजून वाढतात, म्हणजे परत शरीरात काहीतरी जाणवतं. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे चक्र, आणि इतकं साधं की भाऊ म्हणाला, एवढंच?

खरा धक्का बसला तो तिसऱ्या सेशनला. मला आत बसायला परवानगी होती. सर म्हणाले, आपण इथे एक मिनिट जोरजोरात श्वास घेऊ, मी पण घेतो तुमच्यासोबत. त्याआधी हार्टचे रिपोर्ट त्यांनी नीट बघून घेतले होते, दमा नाही ना ते विचारलं होतं, त्यामुळे हे घरी स्वतःच्या मनाने करून बघायचं प्रकरण नाही हे आधीच सांगते. घड्याळ लावलं. तिसाव्या सेकंदाला भावाने खुर्चीचा हात धरला. मिनिट संपेपर्यंत ओठ बधिर, बोटांना मुंग्या, समोरचं धूसर, आणि तो डोळे मोठे करून सरांकडे बघत म्हणाला, "हेच! अगदी हेच होतं मला!" सर स्वतःही धापा टाकत होते, हसून म्हणाले, "मलाही मुंग्या आल्यात."

मग त्यांनी समजावलं. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खूप कमी होतो, रक्त जरा अल्कलाइन होतं, त्यात मोकळं असलेलं कॅल्शियम कमी पडतं, म्हणून मुंग्या येतात आणि फार वेळ चाललं तर बोटं आखडतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, म्हणून गरगरतं. मला पहिल्या रात्रीची ती वळलेली बोटं आठवली, चार महिने मी त्या बोटांमुळे झोपले नव्हते. अजून एक सांगितलं, की पॅनिकमध्ये बीपी वाढतं, आणि माणूस चक्कर येऊन पडतो तो सहसा बीपी घसरल्यावर, म्हणून पॅनिकमध्ये पडेन पडेन असं कितीही वाटलं तरी पडायची वेळ क्वचितच येते. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा उपाय करू नका म्हणाले, कारण मुळात दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर त्याने जिवावर बेतू शकतं.

पुढच्या आठवड्यांत गोल फिरणाऱ्या खुर्चीत एक मिनिट गरगरणं, स्ट्रॉने श्वास घेणं, जागच्या जागी पळणं, म्हणजे ज्या ज्या जाणिवेला तो घाबरत होता ती स्वतःहून आणायची आणि ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. हळू, पोटातून श्वास घ्यायलाही शिकवलं, पण अटॅक थांबवायचा मंत्र म्हणून तो वापरला तर तोही खिशातल्या पाण्याच्या बाटलीसारखाच एक आधार होऊन बसेल हे बजावलं. वहीत दोन रकाने होते, काय होईल वाटतंय आणि झालं काय. एक नोंद मला दाखवली होती त्याने: "लिफ्ट, दोन मजले. वाटतंय: बेशुद्ध पडेन, ८० टक्के." शेजारी: "हात थरथरले. एका बाईंनी विचारलं चौथा मजला दाबाल का. दाबला."

पाचव्या सेशनला सरांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही फोनवर काय बोलता त्याच्याशी?" मी अभिमानाने सांगितलं की दिवसातून सहा वेळा नाडी विचारते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुम्ही विचारलंत की तो मोजतो, मोजलं की भीती वाटते, तुम्ही धीर देता, त्याला बरं वाटतं, आणि मग पुढच्या वेळी तुमच्याशिवाय त्याला बरं वाटत नाही." मला ते फार लागलं. घरी जाऊन रडले पण. त्याच्यासाठी मी कामावरून धावत जायचे, सोबत जिने चढायचे, रात्री तिथे झोपायचे, आणि त्या सगळ्याने त्याला हेच कळत होतं की धोका खराखुरा आहे, नाहीतर ताई अशी धावली असती का. यात माझी चूक होती असं सर म्हणाले नाहीत, मीही आता म्हणत नाही, पण घरात पॅनिकचा पेशंट असेल तर हे कोणीतरी लवकर सांगायला हवं होतं असं मात्र वाटतं. मग ठरलं, नाडी विचारायची नाही, अटॅक आला म्हणून फोन केला तर "येऊ दे, उतरेल, तिथेच थांब" एवढं म्हणायचं आणि धावत निघायचं नाही. सांगायला सोपं आहे. पहिल्यांदा असं म्हणून फोन ठेवला तेव्हा माझेच हात गार पडले होते.

थेरपीच्या सहाव्या आठवड्यात घड्याळ ड्रॉवरमध्ये गेलं. आठव्यात तो परत पळायला लागला, आधी दोन मिनिटं, मग दहा. दारू बंद केली, कॉफी दिवसाला एकवर आणली. बाराव्या सेशनला तोच सात प्रश्नांचा फॉर्म भरला, यावेळी ४.

आणि मग दोन महिन्यांनी, सगळं आलबेल असताना, भर मीटिंगमध्ये परत एक जोरदार अटॅक. संध्याकाळी आवाज इतका पडलेला की मी म्हटलं, झालं, आलो परत मूळ जागेवर. पण सरांनी शेवटच्या सेशनला सांगून ठेवलं होतं की एखादा येईल, तो आला म्हणून घाबरून लिफ्ट सोडलीत तर मात्र मागे जाल. तो मीटिंगमधून उठला नव्हता. घाम पुसत बसून राहिला, नऊ-दहा मिनिटांत उतरलं, शेजारच्याला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टनेच वर गेला. बाबांनी त्या रात्री मला बाजूला घेऊन विचारलं की मी खंबीर हो म्हणायचो त्याचा त्याला त्रास झाला असेल का. मी म्हटलं, त्यालाच विचारा. विचारलं त्यांनी.

बरं वाटायला लागल्यावर गोळी लगेच नाही सोडली, निदान सहा महिने चालू ठेवायची असं मॅडमचं म्हणणं होतं, मग त्यांच्याच सांगण्याने थोडी थोडी कमी करत बंद केली. आता दोन महिने झाले गोळीशिवाय.

परवा दुपारी त्याचा फोन आला, घरातलं काहीतरी साधं सांगत होता, मधेच म्हणाला, "ताई, लिफ्टमध्ये शिरतोय, आवाज जाईल बघ." आणि कट झाला. जुन्या सवयीने मी लगेच परत नंबर काढला. मग फोन टेबलावर उलटा ठेवला आणि बसून राहिले. त्याने परत फोन केला तो तासाभराने, दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी.